परमुलखातलं सोनं ठाण्याच्या पडवीत

ट्रक उताराला आडवा झाला होता आणि आतला म्हातारा पेटी सोडायला तयार नव्हता.

वरच्या बाजूचं चाक अजून फिरत होतं. ड्रायव्हरकडं एकदा बघितलं आणि कळलं की त्याच्यासाठी आता कुणी घाई करायची गरज उरली नाही. मागे बसलेला बंदूकधारी शिपाई रस्त्यावर फेकला गेला होता, मांडी फाटली होती. मी त्याचाच पट्टा काढून मांडीला आवळत होते. ट्रकमधलं डिझेल कडेनं ओघळत खाली चाललं होतं, आणि खाली खडी फोडणाऱ्या बायकांनी तीन दगडांवर चहा ठेवला होता. जाळ चांगला पेटला होता.

"जाळ इझवा! माती टाका!" मी ओरडले.

बायका जागच्या हलल्या नाहीत. एकटी अक्का धावली. तिनं पाटीभर मुरूम जाळावर ओतला, पाटी तिथंच टाकली आणि वाकून ट्रकच्या हौद्यात शिरली. माझे दोन्ही हात शिपायाच्या मांडीवर होते, म्हणून मला पुढचं दिसलं नाही. फक्त ऐकू आलं.

"बाबा, हात द्या."

म्हातारा त्याच्या भाषेत काहीतरी बोलला.

"पेटी मी धरते. ही बघा, मांडीवर घेतली. आता तरी सोडा की हो, तेल वाहायलंय!"

थोड्या वेळानं तिनं त्याला काखेत धरून बाहेर ओढलं. तोवर मी शिपायाला उचलून बंदोबस्ताच्या जीपमध्ये घालत होते. अक्का कुठं बसली, पेटी कुठं ठेवली, यातलं मी काहीच पाहिलं नाही. पुढं सगळी अडचण झाली ती यामुळंच.

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण कुणी म्हणालं की एखादी केस सांगा, तर माझ्या तोंडी आधी हीच येते. नावं कुणाचीच देत नाही, ठाण्याचंही देत नाही. जागा नळदुर्गच्या बाजूची, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरची. काळ बहात्तरच्या दुष्काळाचा. नवरा पोलिसात होता, तो गेल्यावर मला खात्यात घेतलं. शिक्षण चौथी. पंचनामे लिहून लिहून हात बसला आणि शेवटी सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. तेव्हा साधी शिपाई होते आणि त्या दिवशी दुष्काळी कामावर सुकडीच्या गोड सरकारी खाऊचं वाटप होतं, त्याच्या बंदोबस्ताला गेले होते.

ट्रकमध्ये काय होतं ते संध्याकाळी कळलं. मुंबईच्या एका संग्रहालयातलं प्रदर्शन संपवून माल हैदराबादच्या प्रदर्शनाला चालला होता. संग्रहालयाचे साहेब पुढच्या जीपमध्ये होते, ते माघारी आले. फौजदारांना म्हणाले, "आफ्रिकेतल्या असांते राजांचं सोनं आहे. तलवारी, दंड, राजाच्या चपला. आणि ट्रकमधले ते वृद्ध गृहस्थ दरबारचे राखणदार आहेत. सोन्याला एकटं सोडायचं नाही अशी त्यांची रीत, म्हणून ते मागे पेट्यांजवळ बसले होते."

आमचा हवालदार बाजूलाच उभा होता. "कुठले म्हनलं?"

"असांते."

"असं ते, मग तसं ते कुठं राहतेत?"

फौजदारांनी त्याच्याकडं अशी नजर टाकली की तो बाहेर निघून गेला.

राखणदाराला सोलापूरच्या दवाखान्यात नेलं होतं. त्याला शुद्ध नव्हती. पेट्या ठाण्यात आणून पंचांसमक्ष उघडल्या. एक पेटी फुटली होती. त्यातली एक वस्तू नव्हती. साहेब खुर्चीत बसले आणि त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. गेला होता तो सोन्याचा एक चेहरा, नारळाच्या करवंटीएवढा. तसाच दुसरा एक चेहरा पेटीत शाबूत होता.

काय गेलं हे बाहेर कुणाला सांगायचं नाही, असं फौजदारांनी बजावलं. ते बरोबर होतं. ज्याच्या तोंडून वस्तूचं नाव आपण न सांगता येतं, त्याला ती माहीत असते. तपासात ही पहिली गोष्ट. बाहेर एवढंच सांगितलं की सोनं गेलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावरचा मुकादम ठाण्यात आला. सोसायटीच्या चेअरमनचा भाचा. कपडे पांढरे, पायात कोल्हापुरी, बसायला सांगायच्या आधीच बसला. त्यानं खबर दिली की अक्काला पदराखाली पेटी घेऊन जाताना त्यानं डोळ्यांनी पाहिलंय, आणि फुटलेल्या पेटीजवळही तीच घुटमळत होती.

अक्का म्हणजे बौद्ध वस्तीतली बाई. तिकडं कानडीचा वारा आहे, त्यामुळं कामावर लहानथोर सगळे तिला अक्काच म्हणायचे. नवरा सोलापूरला मिलमध्ये, दोन लेकरं जावेजवळ. फौजदारांनी दुपारी तिला कामावरून उचललं. घराची झडती घेतली. पत्र्याचा डबा, दोन गोधड्या, रेशनवरच्या परदेशी मिलोचं पीठ आणि भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. फोटोची मागची बाजूसुद्धा उलटून पाहिली. मी म्हणाले, "साहेब, करवंटीएवढी वस्तू फोटोमागं मावती का?" त्यांनी फोटो परत खिळ्याला टांगला.

तालुक्याच्या कोर्टानं पोलीस कोठडी दिली. बायकांसाठी वेगळी कोठडी आमच्याकडं नव्हती. मुद्देमालाच्या खोलीला लागून एक खोली होती, तिथं तिला ठेवली आणि पहाऱ्याला मला.

फौजदार वाईट माणूस नव्हते. पण वरून तारा येत होत्या, परक्या देशाचा माल, आणि त्यांच्या हाती एकच इसम होता. ते टेबलावर काठी आपटून विचारायचे.

"सोनं कुठं ठिवलंस?"

"साहेब, म्या म्हाताऱ्याला काढलं. त्याची पेटी त्याच्याच उशाला ठिवली."

"मग मुकादम खोटं बोलतो?"

"ते त्यास्नी इचारा."

"लई शानी हायेस. बाई, जरा पोलिसी हिसका दाखवा हिला."

मी म्हणाले, "साहेब, बाईमाणसाच्या अंगाला हात लावायचा तर तो मीच लावणार, असा नियम आहे. आणि मी लावणार नाही."

हवालदारानं खाकरून तोंड फिरवलं. फौजदारांनी काठी ठेवली. त्या काठीला नंतर कुणी हात लावला नाही.

संध्याकाळी मी तिला भाकरी दिली. ती म्हणाली, "बाई, एक सांगू? म्या सोनं घिऊन सराफाच्या दारात गेले असते तर त्यानं पयलं तुमास्नीच बोलावलं असतं. आमच्या हातात सोनं दिसलं की लोक इचारीत न्हाईत, धरत्यात. एवढं कळतंय मला. मग म्या ते नेऊन करू काय?"

चोरी करणारा माणूस आधी माल खपवायची वाट शोधतो. हिला वाटच नव्हती. पण हा काही पुरावा नव्हे. माल सापडला नाही तर हिच्यावर दोषारोप जाणार आणि मुकादमाची साक्ष पुरी पडणार, हे मला दिसत होतं. मी ठरवलं की हे होऊ द्यायचं नाही. तिच्यासाठी म्हणून नव्हे, निदान नुसतं तिच्यासाठी नव्हे. खोट्या केसला माझा पहारा लागायला नको होता.

मुकादम सहीसाठी परत आला तेव्हा मी त्याला सहज विचारलं, "दादा, ट्रक पडला तेव्हा तुम्ही कुठं उभे होता?"

"रोलरजवळ."

"म्हणजे रस्त्याच्या वरच्या अंगाला?"

"व्हय. का?"

"काही नाही. लिहून घ्यायचंय."

मी जागेवर जाऊन उभी राहिले. रोलर अजून तिथंच होता. ट्रक आडवा झाला तो बरोबर रोलर आणि खालचा उतार यांच्या मध्ये, आणि पेट्या पडल्या त्या खालच्या अंगाला. रोलरजवळून ट्रकचं पोट दिसतं. पलीकडचं काही दिसत नाही. मुकादमानं पाहिलंच नव्हतं. तरी सांगायला आला, तेही न बोलावता. माणूस फुकट खबर देत नाही. कुणाला पैसे हवे असतात, कुणाला वैर काढायचं असतं. तिसऱ्याला पोलिसांचं तोंड दुसरीकडं फिरवायचं असतं. मुकादमानं पैसे मागितले नव्हते, आणि अक्काशी वैर धरण्याइतका तो तिला मोजतच नव्हता.

फौजदारांना सांगितलं. ते म्हणाले, "चेअरमनच्या भाच्याच्या घराची झडती? नुसत्या तुमच्या रोलरवरनं? बाई, मला नोकरी करायची हाय."

मग दुसरी वाट शोधावी लागली.

ठाण्याच्या फाटकाशी रोज माणसं जमत होती. रस्त्यावर सांडलेलं सोनं अर्ध्या तालुक्यानं पाहिलं होतं, उरलेल्या अर्ध्याला पाहायचं होतं. दुष्काळात दुसरं बघण्यासारखं होतं काय? वर कुजबुज सुरू झाली की पोलिसांनीच सोनं दाबलं. फौजदार वैतागले होते. मी म्हणाले, "साहेब, लोकांना बघू द्या. पडवीत सतरंजी टाकू, माल मांडू, बंदोबस्त लावू. प्रदर्शनच आहे ना ते? भरू द्या एक दिवस इथं."

"ठाणं हाय का जत्रा?"

"चोर येणार नाही, साहेब. पण चोराच्या घरातलं कुणीतरी येईल. घरात जे पाहिलंय त्याच्या जोडीचं इथं दिसलं की माणसाचा चेहरा बदलतो. मी चेहरे बघत उभी राहते. तुम्ही सोनं राखा."

संग्रहालयाचे साहेब साफ नाही म्हणाले. पण त्याच दिवशी सोलापूरहून राखणदार आला. एक हात प्लास्टरमध्ये, डोक्याला पट्टी, अंगावर धोतरासारखं लांब कापड एका खांद्यावरून घेतलेलं. आला तो खुर्चीत बसला नाही. त्याला खिडकीच्या गजांतून अक्का दिसली. तो तिकडं गेला, तिला पाहिलं आणि साहेबांशी इंग्रजीत बोलायला लागला. आवाज चढलेला.

साहेब म्हणाले, "ते म्हणतात, हिनं माझी पेटी मांडीवर धरली आणि माझ्या उशाशी परत ठेवली. जी पेटी परत देते तिला कोंडलंय कशाला?"

फौजदार म्हणाले, "ती पेटी दिली, मान्य. पण चेहरा दुसऱ्या पेटीतला. कोर्टाची कोठडी आहे, मी सोडू शकत नाही."

राखणदारानं ऐकून घेतलं. मग तो गजांखाली जमिनीवर मांडी घालून बसला. साहेब म्हणाले, "ही आत असेपर्यंत ते एकही पेटी उघडू देणार नाहीत."

हवालदार पुटपुटला, "घ्या! आता यास्नी पन धरायचं का?"

शेवटी फौजदारांनी मार्ग काढला. कोठडी कायम, पण अक्का माझ्या ताब्यात पडवीत बसेल. राखणदाराला मदत करेल. प्रदर्शन एक दिवस. राखणदार कबूल झाला, तसे संग्रहालयाचे साहेबही. ते म्हणाले, "बाई, काय बी निघालं न्हाय तर तुमी आन् मी दोघं बी बदलीवर."

"बरं," मी म्हणाले.

सकाळीच माणसं आली. बैलगाडीनं, एसटीनं, चालत. कामाच्या बायका हजेरी बुडवून आल्या. पडवीत आमच्या कवायतीच्या सतरंज्या टाकल्या होत्या, त्यावर पांढरी चादर, दोन्ही बाजूंना बंदूकधारी. राखणदारानं एकेक वस्तू काढून स्वतःच्या हातानं मांडली. एक लाकडी पाट होता, आसनासारखा, तो त्यानं आडवा पाडून ठेवला. अक्का सरळ करायला गेली तर त्यानं मान हलवली.

साहेबांनी सांगितलं, "मालक नसताना आसन आडवं ठेवतात. नाहीतर भलताच येऊन बसतो."

एक बाई म्हणाली, "खरंच हाय की. आमी बी रिकामा पाळणा हलवत न्हाय."

बायका अक्काकडंही बघत होत्या. एकीनं टोमणा मारलाच. "काय ग अक्का, चोरी करून सतरंजीवर बसायला मिळतंय व्हय? आमास्नी बी सांग की कशी करायची."

"ये की. कोठडीत जागा हाय. भाकर बाई देत्यात, मिलोची न्हाय, जवारीची."

हशा झाला. त्या हशात अर्ध्या बायकांचं मन फिरलं. माणूस चोर आहे असं ज्याला खरंच वाटतं तो त्याच्याबरोबर हसत नाही.

सोन्याच्या चपलांपुढं सगळ्यात जास्त गर्दी. साहेब समजावत होते, "राजाचा पाय मातीला लागता कामा नये, म्हणून या."

अक्का म्हणाली, "मग ह्यो खडी कसा फोडत असंल?"

पुढं एक दंड होता, त्याच्या टोकाला सोन्यानं मढवलेली दोन माणसं. एक जेवतोय, दुसरा पोट धरून समोर बसलाय. साहेबांनी राखणदाराला विचारून सांगितलं, "त्यांच्यात म्हण आहे. अन्न ज्याचं त्याचं, भुकेल्याचं नव्हे."

मग मागून एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "आमच्या सोसायटीचा चेअरमन तिकडं बी जाऊन आला वाटतं!"

फौजदारसुद्धा हसले, मिशीखाली. मी हसले नाही. मला चेहरे बघायचे होते.

ऊन चढलं तरी मुकादमाच्या घरचं कुणी आलं नाही. मुकादम स्वतः फाटकापर्यंत येऊन परत गेला. मी पाहिलं. साहेब घड्याळ बघायला लागले.

दुपार टळायच्या सुमाराला गावच्या बायकांचा एक घोळका आला, त्यात मुकादमाची आई होती. मुकादमानं तिला कामावर पाणी पाजायला लावलेलं होतं, त्यामुळं मी ओळखत होते. पाठ वाकलेली, कपाळाला चिरीभर आडवं कुंकू. तिनं आधी तलवारी पाहिल्या, चपला पाहिल्या, आणि सगळ्यांसारखं तोंडावर पदर धरून "अगं बया" म्हणाली. मग ती त्या सोन्याच्या चेहऱ्यापुढं आली. तिथं मात्र "अगं बया" नाही. तिनं पायातल्या चपला काढल्या. कमरेचा बटवा सोडला, कुंकवाची डबी काढली, आणि शिपायानं हात आडवा घालायच्या आत चेहऱ्याच्या कपाळावर बोट टेकवलं.

साहेब किंचाळले. बंदूकवाला पुढं आला. मी मध्ये उभी राहिले.

"मावशी," मी म्हणाले, "हिला कुंकू का लावलंत?"

म्हातारीनं माझ्याकडं पाहिलं, जणू मीच येडी. "का म्हंजी? तिला रोज लावते, मग हिला नगं व्हय? भईनी-भईनीत दुजाभाव कशाला करायचा?"

"तिला म्हणजे कुणाला, मावशी?"

कुठं बोलू नको असं लेकानं सांगितलेलं तिला आता आठवलं. इकडंतिकडं पाहिलं, मग हळूच म्हणाली, "बोललं की देवी निघून जाती म्हनतेत. पर हिला बघून ऱ्हावलं न्हाय."

"जात नाही," मी म्हणाले. "तिच्याकडं मला घेऊन चला. दर्शन घेते."

फौजदारांना मी काही सांगितलं नाही, फक्त जीपकडं बोट केलं. ते उठले, पंच घेतले. राखणदारही उठला, आणि अक्काच्या खांद्यावर हात ठेवून चालू लागला. तिला माझ्या ताब्यातून सोडता येत नव्हतं, म्हणून तीही जीपमध्ये.

मुकादमाचं घर दगडी, चांगलं. मधल्या घरात चुलीच्या मागं भिंतीत देवळी होती. म्हातारीनं तिथला पडदा सारला. आत हिरव्या खणात गुंडाळलेला चेहरा, पुढं दोन बांगड्या, हळद, आणि सुकडीचा नैवेद्य. खरंच. सरकारनं वाटलेली सुकडी. घरात दुसरं गोड काय होतं?

मुकादम दारात आला आणि त्यानं उघडी देवळी पाहिली. तो तिथंच उंबऱ्यावर बसला.

म्हातारीनं सगळं सरळ सांगितलं. अपघाताच्या दिवशी ती घागर घेऊन खालच्या मुरमाच्या खड्ड्याकडं गेली होती, ट्रकपासून बरीच लांब. खड्ड्यात मातीतून एक तोंड वर बघत होतं. त्या दुष्काळात कामावर खणताना देव निघाल्याच्या गोष्टी सगळीकडं होत्या. कुठं पाषाण निघाला, कुठं पादुका. निघालेल्या देवाला तसंच टाकायचं नाही, घरात आणायचं, हे तिला लहानपणापासून माहीत. चेहरा उतारावरून गडगडत गेला असेल, असं तिच्या मनातही आलं नाही. ती देवी जमिनीतून आली, आणि तिच्या हाताला लागली.

लेकाला मात्र पहिल्या नजरेत कळलं.

"सोलापूरला न्हिऊन आटवतो म्हनला," म्हातारी म्हणाली. "म्या म्हनलं, आधी मला आटव. निजताना उशाला घिऊन निजत हुते, म्हनून ऱ्हायली."

फौजदारांनी मुकादमाला विचारलं, "आन् अक्काचं नाव का घेतलंस?"

तो खाली मान घालून म्हणाला, "तिच्यासाठी कोन भांडायला येनार हुतं, साहेब?"

अक्का दारात उभी होती. तिनं ऐकलं. मुकादमानं तिच्याकडं पाहिलं नाही.

पण म्हातारी चेहरा देईना. देवळीला पाठ लावून उभी राहिली. "आपल्या पायानं आली, आपल्या पायानं जाऊ द्या." फौजदार हतबल. वाकलेल्या म्हातारीला ओढायचं कुणी? तेव्हा राखणदार पुढं आला. त्यानं साहेबांना काही सांगितलं. साहेबांना ते बोलायला जड गेलं.

"आजी, ते म्हणतात, ही देवी नाही. जुन्या लढाईत त्यांच्या राजानं एका शत्रू राजाला मारलं. त्याचं हे तोंड, सोन्यात घडवलेलं. राजाच्या तलवारीला लटकवायचे."

म्हातारीनं वळून देवळीतल्या चेहऱ्याकडं पाहिलं.

"म्हंजी... ह्यो बाप्या हाय?"

"हो."

"अगं आई ग! आन् म्या त्याला खन नेसवला, बांगड्या घातल्या, कुकू लावलं!"

आधी अक्का हसली. मग फौजदार. राखणदारानं साहेबांना विचारलं काय झालं, त्यांनी सांगितलं, आणि तो म्हातारा प्लास्टरचा हात पोटाशी धरून असा हसला की डोळ्यांतून पाणी आलं. फक्त म्हातारी हसत नव्हती. तिनं खणाची गाठ सोडली, बांगड्या काढल्या, चेहरा पदरानं पुसला.

"मेला तो बी परमुलखात," ती म्हणाली. "घरदार सोडून किती वर्सं झाली असतील. चांगलं खायला बी घालता आलं न्हाय, सुकडीच दिली." आणि तिनं तो राखणदाराच्या चांगल्या हातात ठेवला. त्यानं तिच्यापुढं मान वाकवली. अपघात झाल्यापासून त्यानं कुणापुढं मान वाकवलेली मी पाहिली नव्हती.

मुकादमावर गुन्हा दाखल झाला. परक्याचा माल दाबून ठेवला, आणि पोलिसांना खोटी खबर देऊन दुसऱ्याला अडकवलं. चेअरमनचा माणूस दोनदा ठाण्यात येऊन गेला. फौजदारांनी त्याला दुसऱ्या वेळी बसायलाही सांगितलं नाही, एवढं मी त्यांच्या बाजूनं लिहिते. म्हातारीला साक्षीदार केलं. कोर्टात तिनं लेकाविरुद्ध खरं ते सांगितलं, आणि सुटीच्या वेळी त्याला भाकरीही आणून दिली. अक्काला दुसऱ्या दिवशी कोर्टानं सोडलं. बाहेर पडताना मला "जयभीम" म्हणाली आणि थेट कामावर गेली. बक्षीस कुणी दिलं नाही. तिनंही मागितलं नाही. मुकादम बदलला तेवढंच.

नवीन पोरं मला विचारतात की या केसमधून काय शिकलात. ऐका मग. खबर आली की आधी खबर देणारा कुठं उभा होता ते बघायचं. आपण स्वतः तिथं जाऊन उभं राहायचं आणि तिथून काय दिसतं ते बघायचं. ज्याच्यासाठी कुणी भांडणार नाही त्याचंच नाव खबरीत येतं. आणि चोर शोधताना लोकांना सोन्यापासून लांब हाकलू नये, जवळ येऊ द्यावं. माणूस आपल्या सवयीनं बोलतो. म्हातारीच्या बोटाला कुंकू नसतं, तर अक्का वर्षभर आत राहिली असती.

त्या ट्रकमध्ये तिघं होते. ड्रायव्हर जागच्या जागी गेला. शिपाई वाचला. पाय ओढत चालायचा, आणि त्याच पायावर त्यानं नोकरी पुरी केली. राखणदार वाचला आणि सगळं सोनं घेऊन हैदराबादला गेला. त्याला काढायला जी आत शिरली होती ती अक्का अजून आहे, आणि अजून चालत बाजाराला जाते.